देवळालीचा ताप आणि लंडनचा जिना



आपण वर्गात शिकवतो ते इंग्रजी कडक इस्त्री केलेलं असतं. 'हाऊ आर यू?' 'आय ॲम फाइन, थँक यू.' पुढे मूल एखादी ब्रिटिश मालिका बघायला बसतं, तर तिथं कुणीच 'फाइन' नसतं! कुणी नॅकर्ड असतं, कुणी चफ्ड, तर कुणी गटेड. इंग्रजीत नव्वद गुण मिळवणारं पोरही मग आपल्याकडे बघत राहतं. म्हणून आज ही बिनइस्त्रीची इंग्रजी जरा समजून घेऊ.

सुरुवात या तिघांपासूनच. नॅकर म्हणजे म्हातारे, निकामी घोडे विकत घेऊन कापणारा माणूस. त्याच्या दारात जायच्या लायकीचा झालेला, म्हणजे पार थकून गेलेला, तो नॅकर्ड. चफ्ड म्हणजे खूश. आणि गटेड म्हणजे मासा साफ करताना आतलं सगळं काढून टाकावं तशी मनाची अवस्था. आवडता संघ शेवटच्या मिनिटाला हरला की अख्खं गाव गटेड असतं.

पैशाचे शब्दही गमतीचे. पाउंडाला म्हणायचं क्विड. एक क्विड, दहा क्विड. अनेकवचनाची भानगड नाही. शिलिंगला म्हणायचे बॉब. १५ फेब्रुवारी १९७१ ला तिथं दशमान पद्धत आली आणि शिलिंगचा हिशेब संपला, पण श्रीमंत माणसाकडे अजून 'थोडे बॉब' असतातच. आपल्याकडे आणे जाऊन किती वर्षं झाली, तरी बोलणं 'सोळा आणे खरं' असतंच ना? तसंच हे.

जिना म्हणजे सफरचंद

आता लंडनच्या पूर्व भागात चला. इथल्या कष्टकरी लोकांची बोली म्हणजे कॉकनी. तिच्यात एक चमत्कारिक खेळ आहे. एखाद्या शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारी जोडी वापरायची. 'स्टेअर्स', म्हणजे जिना, याला म्हणायचं 'ॲपल्स अँड पेअर्स'. 'फोन'ला म्हणायचं 'डॉग अँड बोन'. इथवर ठीक आहे. पण पुढे ते यमकाचा शब्दच गाळून टाकतात! 'लुक'साठी 'बुचर्स हुक', आणि मग नुसतंच 'बुचर्स'. 'जरा बुचर्स घे' म्हणजे जरा बघ. कसायाचा काही संबंध नाही.

मराठीत करून बघू. 'पाय' या शब्दाऐवजी म्हणायचं 'दूध-साय'. मग साय टाकून द्यायची. आता वाक्य झालं, 'आज चालून चालून माझं दूध दुखतंय.' हे वर्गात सांगून बघा, पोरं लगेच स्वतःचे शब्द बनवायला लागतील. यमक, अक्षरं, उच्चार, सगळ्याचा सराव हसत हसत होतो. १८५९ साली जॉन कॅम्डेन हॉटन यांनी काढलेल्या बोलीशब्दांच्या कोशात हा प्रकार नोंदलेला आहे. रस्त्यावर ओरडून माल विकणाऱ्यांची ही भाषा, असं त्यांनी म्हटलं आहे.

आपल्याकडून गेलेले शब्द

एखाद्याचं डोकं ठिकाणावर नसेल तर ब्रिटिश माणूस म्हणतो, 'तो डूलॅली झालाय.' हे डूलॅली म्हणजे आपल्या नाशिकजवळची देवळाली! तिथं ब्रिटिश सैन्याची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथं महिनोन् महिने पडून असायचे. काम नाही, वर ऊन, त्यात हिवताप. काहींची डोकी फिरायची. त्याला ते 'डूलॅली टॅप' म्हणत. यातला टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला 'ताप'. पुढे ताप उतरला आणि नुसती देवळाली राहिली.

अशी आणखी मंडळी आहेत. 'विलायती'वरून ब्लाइटी, म्हणजे सैनिकांच्या तोंडी इंग्लंड. पहिल्या महायुद्धात घरी पाठवण्याइतपत मोठी, पण जीव न घेणारी जखम झाली तर तिला 'ब्लाइटी' म्हणत. 'पक्का'चं पुका झालं, 'खुशी'वरून आरामाच्या नोकरीला कुशी म्हणू लागले, आणि 'देखो'चं झालं डेको. अशा शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा जाडजूड कोशच १८८६ साली निघाला.

मात्र एक सावधगिरी. 'पॉश' हा शब्द मुंबईच्या बोटीच्या तिकिटावरून आला, जाताना डावीकडची आणि येताना उजवीकडची थंड खोली श्रीमंतांना मिळे, अशी गोष्ट तुम्हालाही फॉरवर्ड होऊन आली असेल. गोष्ट झकास आहे, पण असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. 'सर, पुरावा काय?' हा प्रश्न मुलांनी विचारायला शिकावं, यासाठी हे उदाहरण फार कामाचं.

मग हे शिकवायचं कशाला?

कॉकनी माणूस 'हाऊस'मधला 'ह' खातो आणि 'आऊस' म्हणतो. त्यावरून त्याला पिढ्यान् पिढ्या हसलं गेलं. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'मधली फुलं विकणारी एलायझा अशीच बोलते. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली त्यावरून 'ती फुलराणी' आणलं, तेव्हा तिची मंजुळा झाली आणि तिला अस्सल मराठी बोली मिळाली. नाटक बघताना आपण सगळे मंजुळाच्या बाजूचे असतो. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात एखादं पोर 'पानी' म्हणालं की?

२०१३ साली दक्षिण लंडनच्या एका शाळेने 'इनिट', 'एन्ट' अशा शब्दांवर शाळेत बंदी घातली. मुलाखतीत, नोकरीत मुलं मागे पडू नयेत, हा हेतू. हेतू खोटा नाही. प्रमाण भाषा यायलाच हवी. मुख्याध्यापकांना अर्ज लिहिताना 'काय मेट' चालणार नाही. पण ज्या मुलाचं पहिलंच वाक्य वर्गात हशा पिकवतं, ते दुसरं वाक्य बोलत नाही. मग प्रमाण भाषा शिकवायची तरी कुणाला? 'पाणी' शिकवायचं, पण 'पानी' म्हणणारी आई अडाणी ठरवून नव्हे. खुद्द साहेबाच्या देशातही सगळे पुस्तकासारखं बोलत नाहीत, हे मुलांना कळलं तरी त्यांची अर्धी भीती जाते.

या आठवड्याचा गृहपाठ : प्रत्येकाने आजी-आजोबांकडून पाठ्यपुस्तकात नसलेले तीन शब्द आणायचे, अर्थ आणि एका वाक्यासह. पालकांनी फक्त एक पथ्य पाळायचं. शब्द सुधारून द्यायचे नाहीत.