टायर घेशील तेव्हा दुकानात उभी राहा

चि. मनूस,


तू पाठवलेले टायरचे फोटो नीट मोठे करून पाहिले. नक्षी वरवर बरी दिसते, म्हणून गाडी विकणारा म्हणाला की अजून वर्षभर काही बघायला नको, आणि तुला ते पटलं. मला नाही पटलं. टायरच्या बगलेवर एका लंबगोलात चार आकडे आहेत बघ, १५१९. म्हणजे २०१९ सालचा पंधरावा आठवडा, एप्रिलमधला माल. गाडी नुसती उभी असली तरी रबर म्हातारं होतं, कडक पडतं. बगलेवर केसासारख्या चिरा दिसताहेत त्या त्याच्याच. शिवाय पुढच्या डाव्या टायरची आतली कड पार गोटा झालीय. ती उभ्याने दिसत नाही, स्टिअरिंग पूर्ण वळवून वाकून पाहावी लागते. नक्षीच्या खाचांत मधे मधे बारीक उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की कायद्यानेही टायर बाद. तुझी ती कड केव्हाच तिथे पोचली आहे.

आणि तू मे महिन्यात नागपूरहून नाशिकला समृद्धीने येणार! त्या रस्त्यावर गाडी तासन्‌तास एका वेगात पळत राहते, वरून विदर्भाचं ऊन. हवा कमी असली की टायरची बगल दर फेऱ्याला दबते आणि उठते, त्यातून उष्णता साठत जाते आणि म्हातारं रबर तिथेच दगा देतं. टायर फुटून अपघात झाल्यावर आरटीओने समृद्धीच्या तोंडाशी गाड्यांचे टायर तपासायला घेतले, ते उगाच नाही.

दाजींचं म्हणणं तू कळवलंस, की पुढचे दोनच बदल, ओढ पुढच्या चाकांना असते. दाजींना मी तोंडावर काही बोलणार नाही, पण हा हिशोब चुकीचा आहे. दोनच घ्यायचे झाले तर नवे टायर मागे बसवायचे. पावसात पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की बहुधा आवरते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, तिथे भल्याभल्यांचं काही चालत नाही. तुझ्या बाबतीत हा प्रश्नच नाही म्हणा. चारही सारख्याच वयाचे आहेत, चारही बदल.

माप तेच घे. तुझ्या स्विफ्टवर १६५/८० आर१४ ८५टी लिहिलंय: रुंदी १६५ मिलिमीटर, बगलेची उंची त्याच्या ८० टक्के, आतली रिम १४ इंची. ८५ म्हणजे एका टायरने ५१५ किलोपर्यंत भार झेलायचा, टी म्हणजे वेग ताशी १९० पर्यंत. हे शेवटचे दोन मूळच्यापेक्षा कमी चालणार नाहीत. दुकानदार १८५/६५ आर१५ सुचवेल, वरच्या मॉडेलला येतात ते. दोन्हींची बाहेरची उंची जवळजवळ सारखीच, ६२० मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे तो खोटं बोलत नसेल. पण त्याला रिमही नव्या लागतात, आणि तुझ्या पगारात सध्या ते बसत नाही. कंपनी कुठलीही नावाजलेली घे, त्यावर मी वाद घालणार नाही. भाव मात्र दोन-तीन ठिकाणी विचार. सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा कुणी जुनं दरपत्रक पुढे केलं तर सरळ विचारायचं.

खरं काम पुढे आहे. निम्मे लोक पैसे देऊन चहाला जातात. तू जाऊ नकोस.

टायर रिमवर चढण्याआधीच ते चार आकडे वाच. बऱ्याचदा ते एकाच बाजूला असतात, ती बाजू आत गेली की बघायला मिळत नाहीत. सावलीत ठेवलेला सहा-आठ महिन्यांचा टायर बिघडत नाही, दोन वर्षांचा मात्र परत कर. बाण असेल तर तो चाक पुढे फिरतं त्या दिशेला हवा. रबरी व्हॉल्व्ह चारही नवे घालायला लाव. किरकोळ खर्च आहे, पण पोरं जुनेच ठेवतात आणि मग हवा का उतरते ते महिनाभर कुणाला कळत नाही. चारही चाकं बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरलीच पाहिजेत, आकडा शून्यावर आलेला स्वतः बघ.

अलाइनमेंटचं ऐक. आतली कड खाल्ली गेली ती उगाच नव्हे. आधी मेकॅनिककडून पुढचे बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि बुश तपासून घे. ते सैल असतील तर कॉम्प्युटरवर सगळे आकडे हिरवे येतील आणि नवे टायरही तसेच खाल्ले जातील.

हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, गाडी थंड असताना. दुकानात सरसकट पस्तीस मारतात. नायट्रोजनचा आग्रह झाला तर हसून नाही म्हण, साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. बिलावर टायरचे नंबर लिहून घे. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालव, नवं रबर जरा निसटतं असतं.

स्टेपनीवरचेही चार आकडे वाचायचे आहेत. ती १५१९ असेल तर जुन्यांतला चांगला टायर काही तिथे चालणार नाही, तोही तेवढाच जुना.

राहिले नट. गनने करकचून आवळतात आणि मग रस्त्यात आपल्याला सुटत नाहीत. गाडीतला पाना काढ, दुकानातच एक नट पाय देऊन सुटतो का बघ. नाही सुटला तर सगळे सैल करून हाताने, समोरासमोरचे आळीपाळीने, आवळून घे. आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाले की एकदा परत तपास.

तुझा,
मामा