आरोग्याचा धडा : ताप उतरला, परजीवी मात्र लपला

“ताप उतरला, मग गोळ्या कशाला, सिस्टर?” पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर एका आईने मला विचारले. दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरी करून कुटुंब नुकतेच परतले होते. मुलाला व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप होता. मी घाईत होते. “सांगितल्यात तेवढ्या द्या,” एवढेच म्हणाले. अडीच महिन्यांनी पोरगा पुन्हा हुडहुडी भरून अंथरुणावर पडला. चूक माझीच. प्रिय वाचकहो, तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर आज लिहिते.

डासाने सोडलेले परजीवी रक्तात फार रेंगाळत नाहीत. थोड्याच वेळात ते यकृतात शिरतात, तेथे वाढतात आणि मग रक्ताच्या तांबड्या पेशींत घुसतात. शरीरातील बहुतेक पेशी, आत शत्रू आला की आपल्या अंगावर त्याची खूण दाखवतात. तांबड्या पेशीला ही सोय नाही. त्यामुळे आपल्या मारेकरी पेशींना आतल्या चोराचा पत्ता लागत नाही.

गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात आढळणारा फॅल्सिपेरम तर फारच बिलंदर. बिघडलेल्या पेशी गाळून काढणे हे प्लीहेचे, म्हणजे पाणथरीचे काम. तिकडे जावेच लागू नये म्हणून तो पेशीच्या अंगावर एक चिकट प्रथिन आणतो आणि पेशी बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसते. मेंदूत असे झाले की जीवावर बेतते. शरीर त्या प्रथिनाला ओळखू लागते, तोवर काही परजीवींनी अंगरखा बदललेला असतो. असे सुमारे 60 अंगरखे त्याच्या जनुकांत असतात आणि एका वेळी तो एकच घालतो. म्हणूनच या तापाविरुद्धची ताकद यायला वर्षे लागतात. लहान मुलांपाशी तेवढा अवधी नसतो.

व्हायव्हॅक्सची युक्ती वेगळी. त्याचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात. ताप नाही, रक्ततपासणीतही काही दिसत नाही. क्लोरोक्वीनच्या 3 दिवसांच्या गोळ्या रक्तातले परजीवी मारतात. झोपलेल्यांसाठी प्रायमाक्वीन 14 दिवस लागते. मात्र गरोदर स्त्रिया, वर्षाच्या आतली बाळे आणि ‘जी-सिक्स-पीडी’ची कमतरता असलेल्यांना ते चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

दुसऱ्या खेपेस मी ओट्यावर बसून हे सगळे सांगितले. “म्हणजे तो आत निजलाय?” आईने विचारले. मग तिने कुडावर कोळशाने 14 रेघा ओढल्या. आठवड्याने गेले तेव्हा 7 खोडलेल्या होत्या.