एमसीबी पडते तेव्हा

पावसाळ्यात लोणावळ्याला कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल चढते आणि गीझर, हीटर, किटली सगळं एकदम चालू होतं. वळवणजवळच्या एका बंगल्यात अशाच दिवसांत प्रस्तुत लेखकाला जळक्या प्लास्टिकचा वास आला. बोर्ड उघडला तर वायरचं आवरण तपकिरी पडून तडकलेलं. 16 अँपियरची एमसीबी सारखी पडते म्हणून कुणीतरी तिथे 32ची बसवली होती; भिंतीतली वायर मात्र दीड एमएमचीच. 2000 वॉटचा गीझर, तेवढाच हीटर आणि 1500 वॉटची किटली मिळून जवळपास 24 अँपियर होतात. 32ची एमसीबी त्याला कशाला अडवेल?

रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर घरातली वायर पाहून वीज देत नाही. अडवण्याची सोय वेगळी करावी लागते, आणि ती किती विचाराने करतात हे घाटाखालीच दिसतं. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झालं. लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांचं पाणी सुमारे 500 मीटर खाली उतरून तिथल्या पेल्टन चाकांवर आदळतं. अशा चाकावरचा लोड अचानक गेला तर ते बेफाम फिरू लागेल. पण पाणी झटकन तोडलं तर दाबाच्या धक्क्याने नळ फुटू शकतो. म्हणून पेल्टन टर्बाइनमध्ये आधी एक पोलादी पातं धारेत शिरून तिला चाकापासून दूर वळवतं. तोटीतली सुई मागाहून सावकाश बंद होते. शंभर वर्षांपूर्वीच्या अभियंत्यांचा हा विचार आजही थक्क करतो.

घरात स्वतःहून आवरण्याचं हे काम चार्जर आणि इन्व्हर्टरमधलं सर्किट करतं. इन्व्हर्टरची बॅटरी मात्र स्वतःहून थांबत नाही. तिच्या टर्मिनलांवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपियर वाहतात. 12 व्होल्टचा शॉक जाणवत नाही, पण पाना लाल होतो. त्यामुळे फ्यूज टर्मिनलला लागूनच हवा, आणि तो उडाला तर जागी तांब्याची तार नको.

सोलर पॅनलचं उलट आहे. शॉर्ट झालं तरी ते नेहमीपेक्षा थोडाच जास्त करंट देतं, म्हणून फ्यूज उडेलच याची खात्री नसते. तिथे डीसीसाठी बनवलेलाच स्विच लावावा.

एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल तर आधी लोड कमी करा. तरी पडली तर वायरमनला बोलवा आणि वायर किती एमएमची आहे ते विचारा. सोबत 30 मिलिअँपियरची आरसीसीबी बसवून घ्या. शॉकपासून वाचवणं एमसीबीचं काम नाही.