लोणारचे सरोवर

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिणेकडील भागात लोणार नावाचे गाव आहे. गावाच्या कडेला उभे राहून खाली पाहिले, की एखाद्या प्रचंड कढईच्या तळाशी पाणी साचावे तसे सरोवर दृष्टीस पडते. या विवराचा व्यास सुमारे १८०० मीटर असून खोली सुमारे १५० मीटर आहे. उतारावर दाट झाडी असून तीत मोर व वानरे यांची वस्ती आहे.

दिवाळीच्या सुटीत एक मुलगी आपल्या आजोबांबरोबर हे सरोवर पाहावयास आली होती. काठावर उभी राहून तिने विचारले, "आजोबा, एवढा मोठा खड्डा कोणी हो खणला?"

आजोबा म्हणाले, "माझी आजी याची एक कथा सांगत असे. लवणासुर नावाचा दैत्य येथे भूमीच्या पोटात राही आणि लोकांना छळी. विष्णूने त्याच्या गुहेचे झाकण उडवून त्याचा वध केला. त्या दैत्याच्या देहामुळे पाणी खारट झाले, असे लोक सांगतात. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर याच कथेची आठवण देते."

"आणि खरे काय घडले?"

"ते कथेहून कमी नवलाचे नाही. प्राचीन काळी आकाशातून एक अशनी प्रचंड वेगाने येऊन येथील काळ्या पाषाणावर आदळला. त्या आघाताने हे विवर झाले. पूर्वी पुष्कळांना हा ज्वालामुखी वाटे. परंतु येथील खडकात आघाताने बनलेली काच सापडली आणि शंका फिटली."

बोलत बोलत दोघे धारेपाशी आली. येथे गोमुखातून गोड्या पाण्याचा झरा पडतो. मुलीने पिशवीतून साबण काढला व ती हातपाय धुऊ लागली. फेस उतारावरून वाहू लागला.

आजोबांनी विचारले, "बाळ, हे पाणी कोठे जाईल?"

"खाली सरोवरात."

"आणि तेथून पुढे?"

मुलीने चोहीकडे पाहिले. विवराचा काठ सर्व बाजूंनी उंच होता. पाणी बाहेर नेणारी नदी नव्हती, ओढाही नव्हता. ती हळूच म्हणाली, "पुढे वाटच नाही!"

"म्हणूनच हे सरोवर खारे झाले. झरे व पाऊस यांच्या पाण्याबरोबर क्षार आत येतात. उन्हाने पाण्याची वाफ होते. क्षार मात्र मागे राहतात. जसे क्षार राहतात, तशीच आपण सोडलेली घाणही राहते. या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव नांदतात. जून २०२० मध्ये पाणी घटून खारेपणा वाढला, तेव्हा अशाच सूक्ष्म जीवांमुळे सरोवर गुलाबी दिसू लागले होते. त्यांच्या घरात घाण शिरली, तर त्यांनी जावे कोठे?"

मुलीने निमूटपणे साबण डबीत ठेवला. वाहून गेलेला फेस मात्र परत येणार नव्हता, हे तिला कळले.

"आजोबा, सरोवराची राखण कोणी करीत नाही का?"

"करतात ना! सन २००० मध्ये येथे वन्यजीव अभयारण्य झाले. २०२० मध्ये जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत याचे नाव आले. परंतु कायदा प्रत्येकाच्या पिशवीत डोकावत नाही. तेथे आपणच राखणदार!"

खाली उतरताना वाटेवर पडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मुलीने वेचून घेतल्या. घरी परतल्यावर तिने पहिला प्रश्न केला, "आपल्या न्हाणीचे पाणी कोठे जाते?" दुसऱ्या दिवशी आजोबांनी कुदळ घेतली. दोघांनी मिळून चर खणला व ते पाणी परसातील केळीच्या आळ्याकडे वळविले.

मुलांनो, लोणारच्या सरोवराचा काठ डोळ्यांना दिसतो, म्हणून तेथे ही गोष्ट चटकन कळते. पृथ्वीचा काठ दिसत नाही, एवढाच फरक. आपण टाकलेले तेथेही कोठेतरी उरतेच.

स्वाध्याय

१. लोणारचे पाणी खारे का झाले?
२. लवणासुराची कथा व विवराची खरी हकिकत यांत कोणते साम्य दिसते?
३. 'तेथे आपणच राखणदार' असे आजोबा का म्हणाले?
४. तुमच्या घरातील सांडपाणी कोठे जाते, ते शोधून पाच ओळी लिहा.