शॅनेलचं चरित्र वाचताना पैशाकडे लक्ष ठेवा

परवाच्या व्हिडिओत कोको शॅनेलचा विषय निघाला, पण वेळेअभावी हिशोबाचा भाग राहिला. तो इथे लिहितोय.

आई १८९५ मध्ये वारली, मुलगी नन्सच्या आश्रमात वाढली, शिवण शिकली आणि जगप्रसिद्ध डिझायनर झाली. एवढं तर सगळेच सांगतात, आणि ऐकून छानही वाटतं. पण आपण धंदेवाले. आपला पहिला प्रश्न हा, की दुकानाला पैसे कुणी दिले?

पॅरिसमध्ये १९१० साली तिने टोप्यांचं दुकान काढलं. भांडवल तिचा मित्र आर्थर कॅपेलचं. दुकान जोरात चाललं. नंतर तिनेच सांगितलेली गोष्ट आहे: आपण भरपूर कमावतोय, नुसते चेक लिहायचे, असं तिला वाटत होतं. एकदा कॅपेलने सांगितलं, अगं, बँक तुला पैसे देते ते मी गॅरंटी ठेवलीय म्हणून. तू बँकेची देणेकरी आहेस. तिला ते फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून दुकानातला उधळेपणा बंद. पुढे तिने कॅपेलचे पैसे फेडले.

ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगतो, कारण गल्ला म्हणजे कमाई असं आपल्याकडे निम्म्या लोकांना वाटतं. समजा, महिन्याला ३ लाखांची विक्री झाली. माल २ लाख १० हजारांचा, भाडं २५ हजार, पगार ३० हजार, वीज आणि पॅकिंग १० हजार. उरले २५ हजार, आणि कर्जाचा हप्ता अजून त्यातूनच जायचाय. शिवाय माल उधारीवर आणला असेल, तर गल्ल्यातली बरीचशी रक्कम व्यापाऱ्याची असते. तुमच्याकडे ती फक्त मुक्कामाला आलेली असते!

पुढे जर्सी कापड. ते तेव्हा मुख्यतः पुरुषांच्या आतल्या कपड्यांना वापरायचे. तिने त्याचे बायकांसाठी सुटसुटीत कपडे शिवले. हुशारीच, पण त्यावर आधीच खूप लिहिलं गेलंय.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो परफ्यूमचा करार. 'नंबर ५' १९२१ मध्ये आलं. सुगंध बनवला अर्नेस्ट बो यांनी. विक्री तिच्याच दुकानांतून. मोठ्या प्रमाणावर विकायचं तर कारखाना हवा, वितरण हवं. एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचे मालक तेओफील बाडेर यांनी तिची वर्टहायमर बंधूंशी गाठ घालून दिली. १९२४ मध्ये वेगळी कंपनी झाली. वर्टहायमर ७० टक्के, बाडेर २० टक्के आणि जिचं नाव बाटलीवर, ती १० टक्के! गाठ घालून देणाऱ्याला नाववालीच्या दुप्पट.

आता घाईने तिला भोळी म्हणू नका. तिने भांडवल घातलं नव्हतं आणि कपड्यांचा धंदा वेगळा, स्वतःच्या हातात ठेवला होता. त्या दिवशी सौदा ठीकच वाटला असेल. पण बाटली जगभर खपायला लागली आणि तिची वकिलांकडे धावाधाव सुरू झाली. म्हणून भागीदारीपत्रावर सही करताना विचारा: माल दहापट खपला तर माझा वाटा किती? नाव कुणाच्या मालकीचं? मी बाहेर पडलो तर ते नाव वापरता येईल का?

या भांडणातलं तिचं एक वागणं झाकून ठेवण्यासारखं नाही. वर्टहायमर ज्यू होते. जर्मनांनी फ्रान्स व्यापल्यावर ज्यूंची मालमत्ता काढून घेणाऱ्या कायद्यांचा आधार घेऊन तिने कंपनी बळकावायचा प्रयत्न केला. पण देश सोडण्यापूर्वीच त्यांनी कंपनी फेलिक्स आमियो या ख्रिस्ती उद्योजकाच्या नावे करून ठेवली होती. जिद्दीचं कौतुक करताना हेही वाचायचं.

शेवटी १९४७ मध्ये तडजोड झाली आणि जगभरच्या परफ्यूम विक्रीवर तिला २ टक्के मिळू लागले. १९५४ मध्ये, वयाच्या ७० व्या वर्षी, तिने कपड्यांचा धंदा पुन्हा उघडला. फ्रेंच वर्तमानपत्रांनी टर उडवली, अमेरिकन गिऱ्हाइकांनी उचलून धरलं. यावेळी पैसे लावले पिएर वर्टहायमर यांनी. कंपनी आजही त्याच कुटुंबाकडे आहे.