गोळी परवडत नाही? बंद करू नका, डॉक्टरांना सांगा!

आमच्याकडील एका कापड दुकानदाराचा रक्तदाब काही केल्या आटोक्यात येत नव्हता. वय पंचावन्नच्या पुढे, जोडीला मधुमेह. दर खेपेला दंडाला पट्टा बांधला की पारा वर! मी गोळीची मात्रा वाढवली, मग दुसरी गोळी जोडली, तरी तेच. २०२२ च्या पावसाळ्यात एके सकाळी त्यांचा मुलगा धावत आला. वडिलांचे तोंड वाकडे झाले होते, उजवा हात उचलत नव्हता. तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले म्हणून जीव वाचला. हातातले बळ मात्र पुरते परतले नाही.

नंतर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हे गोळी एक दिवसाआड घेत होते. महिन्याची गोळी दोन महिने पुरवायचे."

२०२० च्या टाळेबंदीत दुकान बंद राहिले. त्या वर्षी केंद्र सरकारने लहान व्यावसायिकांना स्वतःच्या हमीवर जादा कर्ज देण्याची योजना आणली, तिचा त्यांना आधार झाला. पण पुढे हप्ते सुरू झाले आणि गिऱ्हाईक पूर्वीसारखे फिरकले नाही. दुकानाचे भाडे थकवता येत नाही, बँकेचा हप्ता चुकवता येत नाही. मग काटकसर होते ती स्वतःच्या गोळीत. यात माझीही चूक झाली. "गोळ्या घेता ना?" एवढेच मी विचारत असे. "परवडतात का?" हे कधी विचारले नाही. उलट गोळ्या वाढवून खर्चच वाढवला.

वाचकहो, प्रत्येक औषधाला दोन नावे असतात. एक मूळ द्रव्याचे, उदाहरणार्थ ॲम्लोडिपिन किंवा मेटफॉर्मिन. दुसरे कंपनीने ठेवलेले. द्रव्य आणि मात्रा तीच असली तरी किंमत कंपनीगणिक बदलते, कारण जाहिरात आणि विक्रीच्या साखळीचा खर्चही तिच्यात मिसळलेला असतो. मूळ नावाने विकल्या जाणाऱ्या औषधाला जेनेरिक म्हणतात.

अशी औषधे मिळावीत म्हणून केंद्र सरकारने २००८ साली जनऔषधी योजना सुरू केली. २०२३ अखेर या दुकानांची संख्या १० हजारांवर गेली. तेथील बहुतेक औषधे नामांकित कंपन्यांच्या मानाने निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीत मिळतात. "स्वस्त म्हणजे हलके" ही शंका अनेक जण बोलून दाखवतात. या औषधांचा प्रत्येक घाणा प्रयोगशाळेत तपासूनच दुकानात पाठवण्याचा नियम आहे. आणखी एक गोष्ट, ही दुकाने बहुतेक ठिकाणी खाजगी व्यक्ती किंवा संस्थाच चालवतात. औषधविक्रीचा परवाना आणि औषधनिर्माता असल्यास त्यांना विक्रीत ठरलेला वाटा मिळतो, शिवाय सरकारकडून प्रोत्साहनपर रक्कमही मिळू शकते. म्हणजे रुग्णाची सोय आणि गावातल्या एखाद्या तरुणाला धंदा, दोन्ही साधते.

याशिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्यांची चौकशी अवश्य करावी.

काही सूचना लक्षात ठेवाव्यात :

१) डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून मागावे. यात संकोच नको.

२) गोळी घेताना मूळ नाव, मात्रा (५ की १० मिलिग्रॅम) आणि मुदत पाहावी, पावती घ्यावी.

३) एखादे औषध कधी शिल्लक नसते. म्हणून गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी दुकानात जावे.

४) फिट्स, थायरॉइड किंवा रक्त पातळ करण्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये.

५) डोके दुखत नाही म्हणून रक्तदाबाची गोळी सोडू नये. हा आजार मुकाट्याने घर पोखरतो.

६) तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काही दिसल्यास "बघू सायंकाळपर्यंत" म्हणू नये. पहिले चार-साडेचार तास मोलाचे असतात.

ते दुकानदार आता रोज गोळी घेतात. परवा रक्तदाब १३०/८० भरला. गल्ल्यावर बसतात, पण कापड मुलगा फाडतो. त्यांच्या उजव्या हाताला कात्री पेलत नाही. माझ्या टेबलावर आता नवा प्रश्न आधी विचारला जातो, "गोळ्या परवडतात ना?" मी विचारायला विसरलो, तर तुम्ही आपणहून सांगा.