द्राक्षातील औषधाचा अंश यंत्र कसे मोजते?



बारामती-इंदापूर भागात आपल्या काही सभासदांची उसाशेजारीच द्राक्षबाग आहे. निर्यातीच्या मालाचा नमुना तपासणीस जातो आणि अहवालात 'क्लोरपायरीफॉस ०.०१२' असा आकडा येतो. हा आकडा निघतो कसा, ते आज पाहू.

युरोपने १३ नोव्हेंबर २०२० पासून या औषधाची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम केली. म्हणजे शंभर टन मालात फक्त एक ग्रॅम! एवढेसे शोधण्याचे एक यंत्र म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ. जेम्स व मार्टिन यांनी १९५२ साली हे तंत्र पुढे आणले.

१) वेगळे करणे : द्राक्षाच्या अर्काची वाफ हेलियमसारख्या वायूबरोबर बारीक नळीतून जाते. नळी साधारण ३० मीटर लांब असते. प्रत्येक पदार्थ आपापल्या चालीने बाहेर पडतो. त्या वेळेवरून त्याची ओळख पटते. खात्रीसाठी पुढे आणखी तपासणी करतात.

२) शिखर ओळखणे : काही येत नसेल तेव्हा आलेखाची रेघ सपाट असते. ही पायारेषा. पदार्थ आला की रेघ चढते व उतरते. चढ ठराविक मर्यादेपलीकडे गेला की शिखर सुरू, रेघ पुन्हा सपाट झाली की संपले. पायारेषा नेहमी थोडी थरथरते. शिखर त्या थरथरीच्या तिप्पट असेल तर पदार्थ 'आहे' म्हणतात. खात्रीचा आकडा द्यायला साधारण दहापट लागते.

३) मोजणे : शिखराखालचे क्षेत्रफळ म्हणजे औषधाचे प्रमाण. पूर्वी शिखराचा कागद कापून तराजूत तोलीत. आता संगणक बारीक पट्ट्यांची बेरीज करतो. पायारेषा म्हणजे आपल्या काट्यावरचे रिकाम्या गाडीचे वजन समजा. ते चुकले की निव्वळ वजनही चुकलेच.

उदाहरण : ०.०५ च्या प्रमाणित द्रावणाचे क्षेत्रफळ ५००० आणि आपल्या नमुन्याचे १२०० आले, तर अंश ०.०१२. माल मर्यादेबाहेर!

तेव्हा आम्ही आग्रहाने सांगतो :

• उसावर औषध मारताना वारा बागेकडे नाही ना, ते बघा. शेजारच्या बागवाल्यालाही आधी सांगा.
• उसाचा पंप बागेत वापरू नका.
• फवारणीची तारीखवार वही ठेवा.
• अहवालाबद्दल शंका असल्यास आलेख मागा. पायारेषा नीट धरली आहे का आणि शेजारची दोन शिखरे एकमेकांत मिसळली नाहीत ना, हे तज्ज्ञाकडून बघून घ्या.

वर्षभराच्या कष्टाचा माल एका ग्रॅमपायी परत येऊ नये, एवढीच आमची कळकळ.

— ऊस विकास विभाग